उणे अठरा

माझा उजवा हात एकदा आमच्या सिस्टरच्या डीप फ्रीजरमध्ये अडकला होता, आणि वरून झाकण दाबणाऱ्या स्वतः सिस्टरच होत्या. चुकून नव्हे, नियमाप्रमाणे. झाकण उघडलं की मोठ्याने आकडे मोजायचे आणि पंधराला बंद करायचं, हा त्या घराचा कायदा. मी आत वाकून तुरीच्या सोल्यांची पिशवी चाचपत होतो. हिवाळ्यातले ओले दाणे, आमच्याकडे त्यांना सोले म्हणतात. गोठवून ठेवले तर मे महिन्यातही वांग्यात पडतात.

"तेरा, चौदा, पंधरा," असं म्हणून त्यांनी झाकण सोडलं.

"सिस्टर, माझा हात आहे आत."

"दिसून राह्यला मले."

"मग?"

"मंग काय? हात तुमचा एकट्याचा आहे, थंडी सगळ्यायची आहे. आधी कागद पाहा न् मंग झाकण उघडा, किती खेपा सांगतलं? शोधाशोध कराले हा काय इतवाऱ्याचा बाजार आहे?"

कागद म्हणजे भिंतीवर चिकटवलेला फ्रीजरचा नकाशा. कोणती पिशवी कोणत्या कोपऱ्यात, कोणत्या तारखेची, वरून कितवी. एखादी पिशवी काढली की नकाशावर तिच्यावर काट मारायची. मी काट मारायला विसरायचो, म्हणून तो कागद माझ्यापुरता कायम खोटा असायचा, आणि त्याचं खापर मी कागदावर फोडायचो.

सिस्टर म्हणजे माझ्या घरमालकीणबाई. अख्खी नोकरी आरोग्य खात्यात, आधी उपकेंद्रावर, मग दर्यापूरकडच्या खेड्यांतून, आणि शेवटची बरीच वर्षं फक्त लस सांभाळायचं काम. निवृत्त होऊन अमरावतीत एका ले-आउटमधल्या, म्हणजे प्लॉट पाडून वसवलेल्या वस्तीतल्या, स्वतःच्या घरात एकट्या राहत. नवरा जाऊन दहा-बारा वर्षं झालेली, एकुलती मुलगी अकोल्यात दिलेली. खाली त्या, वरच्या खोलीत भाडेकरू मी. माझी बायको अकोल्यात शिक्षिका, म्हणून मी सोमवार ते शुक्रवार अमरावतीच्या एका सरकारी कार्यालयात बाबू आणि शनिवार-रविवार अकोल्यात नवरा, अशी दोन्हीकडे अर्धवेळ नोकरी करत असे. सिस्टर मला 'बाबूसाहेब' म्हणत. त्यात साहेब किती आणि टोमणा किती, याचा अंदाज मला पहिल्या आठवड्यातच आला.

बुटक्या, काळ्यासावळ्या, पदराला खांद्यावर पिन, आणि मनगटी घड्याळाची तबकडी नर्सलोकांसारखी आतल्या बाजूला. निवृत्तीनंतर लोक यात्रेला जातात. सिस्टरनी आलेल्या पैशांतून पहिली वस्तू घेतली ती वरून उघडणारा, पेटीसारखा फ्रीजर. उभ्या फ्रीजला त्या 'भोकाचा माठ' म्हणत. "थंडी जड असते बाबूसाहेब. उभ्याचं दार उघडलं का ते पायावर सांडते. पेटीत बसून राह्यते बिचारी."

तो फ्रीजर त्यांनी जिन्याखालच्या उत्तरेकडच्या खोलीत ठेवला होता, जिथे दिवसभरात उन्हाचा कवडसाही येत नसे. दोन लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून वीतभर लांब. मागच्या जाळीवरची धूळ दर महिन्याच्या एक तारखेला बुटाच्या ब्रशने. झाकणाचं रबर सैल झालं का, हे पाहायला फटीत दहाची नोट धरून झाकण लावायचं आणि नोट ओढायची. सहज निघून आली तर रबर गेलं. पिशव्या भरताना हवा काढून, वहीसारख्या चपट्या करून, उभ्या लावायच्या. सोले, वटाणे, सीताफळाचा गर, आमरस. जागा उरली तर पाण्याच्या बाटल्या. "रिकामी जागा वीज खाते," हे त्यांचं वाक्य. मी एकदा म्हणालो, आमच्या कार्यालयात रिकामी जागा नुसती पडून असते, कोणी काही खात नाही. त्या हसल्या नाहीत.

मार्च लागला की खालचा अर्धा भाग सोल्यांकडून काढून घेतला जाई आणि तिथे नुसत्या बाटल्या लागत. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीला चौकात पाणपोई असे, तिचं बर्फ सिस्टरच्या घरचं. महिनाभर आधीपासून रोज चार बाटल्या, त्याही रात्रभर माठाजवळ निववून मग आत. एकदम वीस बाटल्या टाकल्या की फ्रीजर दमतो, म्हणत. त्या दिवशी पांढरी साडी नेसून पाणपोईवर उभ्या राहत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला पाणी देताना प्रत्येकाला सांगत, "हळू प्या. घशाले लागन."

माझ्या चुका मोजायच्या तर पानं पुरणार नाहीत, पण दोन सांगतो. एकदा बायकोने पाटोड्यांचा रस्सा डब्यात भरून दिला. सोमवारच्या पहिल्या गाडीने तो अमरावतीला येईपर्यंत निवला नव्हता, आणि मी तसाच फ्रीजरमध्ये ठेवला. संध्याकाळी डबा माझ्या दारात, झाकणावर चिठ्ठी: 'कार्यालयात जाण्यापूर्वी भेटणे.' दुसऱ्या दिवशी सकाळी मी उभा राहिलो.

"गरम डबा म्हंजे तापाचा पेशंट," सिस्टर म्हणाल्या. "त्याले जनरल वार्डात काहून टाकता? आजूबाजूचे सगळे आजारी पाडले तुमी. त्या सीताफळाले घाम फुटला होता."

दुसरी चूक मोठी. आतल्या भिंतींवर बर्फाचा थर बोटापेक्षा जाड झाला की फ्रीजर रिकामा करून थर काढायचा, ही त्यांची पद्धत: पिशव्या शालीत गुंडाळायच्या, आत गरम पाण्याचं पातेलं ठेवायचं आणि बर्फ आपसूक सुटेपर्यंत वाट पाहायची. मला वाटलं, वयस्कर बाईला मदत करावी. त्या भाजी आणायला गेल्या असताना मी पेचकसाने बर्फ फोडायला बसलो. त्या परत आल्या, माझ्या हातून पेचकस घेतला, पिशवी खाली ठेवली आणि आतल्या भिंतीवरून बराच वेळ बोट फिरवत राहिल्या. "याच्या मांगं गॅसची नळी असते," एवढंच म्हणाल्या. दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी माझ्या खोलीच्या दारात दोन पिशव्या सोले होते. हा त्यांचा माफीनामा की माझा, हे कळलं नाही. मी खाल्ले.

या सगळ्याच्या वर होता तक्ता. फ्रीजरशेजारी खिळ्याला एक पॅड टांगलेलं, त्याला सुतळीने पेन बांधलेलं, आणि पॅडवर महिन्याचा आखलेला कागद: तारीख, सकाळ नऊ, संध्याकाळ पाच, शेरा, सही. दिवसातून दोनदाच झाकण उघडायचं, त्यातच आतला काट्याचा थर्मामीटर वाचायचा, त्यातच लागेल ते सामान काढायचं, आणि झाकण लावून मग लिहायचं. उणे अठरा. कधी उणे सतरा. सही म्हणजे एक लहानसं आद्याक्षर. लस सांभाळतानाची सवय त्यांनी वटाण्यांना लावली होती.

एकदा मी विचारलं, "सिस्टर, एखादा रकाना राहून गेला तर?"

"राह्यला तर राह्यला. मांगून भराचा नाई. रिकामा रकाना खरं बोलते."

मग त्यांनी ती गोष्ट सांगितली. सांगताना हातात वटाण्याच्या शेंगा होत्या आणि त्या सोलत राहिल्या. त्या तरुण असताना एका केंद्रावर होत्या. केंद्राचं नाव कधी सांगितलं नाही. तिथला कंपाउंडर शुक्रवारी गावी जायचा आणि लसीच्या फ्रीजचा तक्ता सोमवारी आल्यावर भरून टाकायचा. शनिवार, रविवार, सगळीकडे चार अंश. एका शनिवारी वीज गेली ती सोमवारी पहाटे आली. कंपाउंडर आला, फ्रीज थंड लागला, तक्ता भरला. मंगळवारी सिस्टर तीच गोवराची लस घेऊन एका वस्तीवर गेल्या.

"लस खराब झाली का तोंडावर दिसत नाई. पाण्यावानी असते, तशीच दिसते. म्या तक्ता पाह्यला. तक्ता बरोबर होता." एक शेंग सोलून झाली. "त्या हिवाळ्यात तिथं गोवर आला. एक पोरगी गेली. तिच्या मायनं मले म्हटलं, बाई, तुमी तं सुई देल्ली होती न. सुई माह्या हातची होती बाबूसाहेब."

मी एक शेंग उचलली आणि सोलली. आत अळी निघाली. ती त्यांनी माझ्या हातून घेतली.

हे मला माहीत होतं, म्हणून मुद्दाम सांगून ठेवतो. पुढे जे केलं ते न समजता केलं, असं म्हणायची सोय मला नाही.

त्या वर्षी दिवाळीला त्यांची मुलगी, आम्ही सगळे तिला ताई म्हणतो, चार दिवस राहायला आली. त्या चार दिवसांत सिस्टरनी दुधाचं पातेलं गॅसवर ठेवलं आणि फाटकाशी जाऊन उभ्या राहिल्या, कशासाठी ते त्यांना आठवेना. पातेलं जळून काळं झालं. ताईने ते घासलं नाही; ओट्यावर तसंच ठेवलं आणि संध्याकाळी मला खाली बोलावलं. साक्षीदार म्हणून असावं.

"आई, तू अकोल्याले चल. माह्यं घर काय परकं आहे?"

"परकं नाई. पण माह्यं नाई."

"उद्या काही झालं तर वरून हे भाऊ येतीन का धावत? शनवार-रविवारी तं ते बी नसते."

सिस्टर उठल्या, जिन्याखालून पॅड घेऊन आल्या आणि ताईच्या मांडीवर ठेवलं. "हे पाह्य. कुठी खाडाखोड दिसते? कुठी रिकामं दिसते? दर सोमवारी संध्याकाळी तू फोन कर, मी आठवड्याचे आकडे वाचून दाखवतो. ज्या महिन्यात दोन रकाने रिकामे निघतीन, त्या महिन्यात गाडी घेऊन ये. मी बॅग भरून बसतो. मंग एक शब्द बोलणार नाई."

ताईने पॅडकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ठीक आहे," ती म्हणाली. दुष्ट मुलगी असती तर गोष्ट सोपी झाली असती. ती जाताना ते पातेलं स्वतः घासून पालथं घालून गेली.

जानेवारीत एका सोमवारी सकाळी मी अकोल्याहून आलो. वर जाताना पॅड दिसतंच. शनिवारची संध्याकाळ रिकामी होती. रविवारची सकाळ होती, रविवारची संध्याकाळ पुन्हा नाही. दोन. मी तिथेच बॅग खांद्यावर घेऊन उभा राहिलो. आतून सिस्टरच्या भांड्यांचा आवाज येत होता.

आता आमच्या कार्यालयाची रीत सांगतो. आमच्याकडे मागच्या तारखेने नोंद घालणं हे पाप नाही, कौशल्य आहे. तपासणी आली की एका दुपारात तीन महिन्यांच्या नोंदवह्या अद्ययावत होतात, आणि ज्याला चार प्रकारच्या अक्षरांत, दोन प्रकारच्या शाईंत ते जमतं, त्याला साहेब चहा पाजतात. मला तो चहा नेहमी मिळतो. तेव्हा सुतळीचं पेन हातात घ्यायला मला फार वेळ लागला नाही. सिस्टरच्या आठाला खाली एक शेपटी असे. मी दोन अठरा लिहिले, शेपट्या दिल्या, दोन आद्याक्षरं टाकली आणि वर जाऊन अंघोळ केली.

मनाला समजावलं की सोल्यांना गोवर होत नाही. एका म्हाताऱ्या बाईचं घर राहतं, यात कोणाचं काय जातं? त्या मनाने हेही विचारलं नाही की बाईंचं घर राहिलं नाही तर माझी खोली राहील का. ते मला आणि मनाला, दोघांनाही माहीत होतं.

संध्याकाळी फोन आला. मी जिन्यात उभा राहून ऐकलं. सिस्टर वाचत होत्या, "शनवार, सकाळ अठरा, संध्याकाळ..." थांबल्या. मग, "अठरा." फोन ठेवल्यावर मला पाहून म्हणाल्या, "बाप्पा, मले वाटलं हा रकाना राह्यला होता. म्या लिहिला न् मलेच आठवत नाई."

"लिहिला तर आहे," मी म्हणालो.

त्यांचा चेहरा असा निवळला, की त्या संध्याकाळी मला स्वतःचा फार अभिमान वाटला.

फेब्रुवारीत आठवड्याला तीन-चार रकाने भरले, मार्चमध्ये त्याहून जास्त. कधी त्यांनी सकाळचा आकडा संध्याकाळच्या रकान्यात लिहिलेला असे; मी तो सांभाळून घेई. एप्रिलच्या पाणपोईच्या वेळी त्यांनी बाटल्यांत पाणी काठोकाठ भरलं आणि सात फुटल्या. फुटलेल्या मी त्यांना दिसण्याआधीच उचलून टाकल्या. बायकोला हे सगळं मी शौर्यकथा म्हणून सांगत असे. एकदा कुकरची शिटी झाल्यावर ती म्हणाली, "त्या बाईले कोनी डॉक्टरकडं नेलं का?"

मी म्हणालो, "कशाले? तक्ता तर बरोबर आहे."

बोलून गेल्यावर मला ऐकू आलं मी काय बोललो ते. पण कुकर झाला होता, जेवायला बसलो.

मे महिन्यातल्या त्या शनिवारी अमरावतीत अवकाळी वादळ झालं. मी अकोल्यात होतो, तिथे नुसती धूळ उडाली. इकडे झाड पडून तारा तुटल्या आणि सिस्टरच्या ले-आउटची वीज शनिवारी दुपारपासून रविवारी रात्रीपर्यंत नव्हती. हे मला नंतर कळलं. सोमवारी सकाळी आलो तेव्हा पंखे फिरत होते. रस्त्यात फांद्या पडलेल्या होत्या, त्या मी पाहिल्या. जिन्याखाली फ्रीजरवर जाड गोधडी घातलेली होती, मागची जाळी मोकळी सोडून, आणि वरून झाकणासकट साडीच्या काठाने दोन ठिकाणी गाठ मारून बांधलेली. तीही पाहिली. वाटलं, सिस्टरनी धुऊन वाळत टाकली असेल. वाळत टाकलेली गोधडी गाठ मारून का बांधतील, हा प्रश्न पहिलीतल्या पोरालाही पडला असता. मला कार्यालय गाठायचं होतं. पॅडवर शनिवार संध्याकाळ, रविवार सकाळ, रविवार संध्याकाळ, तिन्ही रकाने रिकामे होते. मी तीन अठरा लिहिले. शेपट्या छान आल्या.

वीज गेली की काय करायचं, हे सिस्टरनी मला पहिल्याच उन्हाळ्यात शिकवलं होतं. झाकणाला हात लावायचा नाही. गोधडी घालून बांधून टाकायचं. आकडा लिहायचा नाही, कारण उघडल्याशिवाय आकडा कळत नाही आणि उघडायचं तर नाहीच. वीज आली की दुसऱ्या दिवशी गाठ सोडायची, थर्मामीटर पाहायचा आणि शेऱ्यात लिहायचं: वीज नव्हती. त्या दोन दिवसांत, त्या उकाड्यात, एकट्या बाईने त्यातलं एक पाऊल चुकवलं नव्हतं.

संध्याकाळी मी परत आलो तर त्या व्हरांड्यात खुर्चीवर बसल्या होत्या. पॅड मांडीवर. शेजारी बॅग.

"ताईले बोलावलं म्या," त्या म्हणाल्या. "बुधवारी येते."

"काय झालं सिस्टर?"

"बसा." मी पायरीवर बसलो. "शनवारपासून लाईन नव्हती. म्या बांधून ठेवलं होतं. आज सकाळी दहा वाजता गाठ म्या सोडली, माह्या हातानं. तंवर झाकण उघडलंच नाई. आतलं सगळं पाणी होऊन पुन्हा थिजलं होतं, आमरस न् सगळं. आणि हे पाहा." बोट तक्त्यावर. "मायनस अठरा. मायनस अठरा. मायनस अठरा. माह्यं अक्षर, माह्यी सही."

मी तक्त्याकडे पाहिलं.

"त्या कंपाउंडरले मी आयुष्यभर शिव्या देल्ल्या," सिस्टर म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "तो निदान आळशी होता. मी तं न पाहता, न उघडता लिहून राह्यली न् मले ठाऊक बी नाई. असं मानूस एकटं राहू नये. उद्या मी कोनाले काय देईन, सांगता येत नाई."

इथे शहाण्या माणसाने तोंड उघडलं असतं. मी म्हणालो, "चहा घेता का?" आणि वर निघून गेलो. चहा केला, एकट्याने प्यालो. सोमवारची रात्र गेली, मंगळवारचं कार्यालय गेलं. कार्यालयात कोणाची तरी मागच्या तारखेची एक नोंद हवी होती, तीही करून दिली, हात सरावाचा. मंगळवारी संध्याकाळी खाली आलो तेव्हा सिस्टर साड्या घड्या करत होत्या, प्रत्येक घडी उलगडून पुन्हा घालत होत्या. मी उभ्याउभ्या सगळं सांगितलं. जानेवारीपासूनचं.

त्यांनी ऐकून घेतलं. मग कपाटातून जुने तक्ते काढले, जानेवारी ते मे, आणि माझ्यापुढे लाल पेन ठेवलं.

"तुमचे आहेत त्यायच्यावर खूण करा."

मी बसलो. जानेवारी सोपा गेला. फेब्रुवारीत हात अडखळू लागला. मार्चच्या एका आठवड्यापाशी मी थांबलो, कारण कोणता अठरा माझा आणि कोणता त्यांचा, ते मलाच ओळखू येईना. शेपट्या सारख्याच होत्या.

"काय झालं?"

"हे चार... सांगता येत नाही."

"मंग प्रश्नचिन्ह करा. खोटी खूण करू नका."

मी प्रश्नचिन्हं केली. काम संपल्यावर त्यांनी चष्मा लावला आणि एकेक कागद पाहिला. एप्रिलचा कागद जवळजवळ सगळा लाल होता. तो त्यांनी बराच वेळ धरून ठेवला.

"म्हंजे शनवार-रविवारचं म्या बरोबर केलं होतं," त्या म्हणाल्या.

"हो सिस्टर. अगदी बरोबर."

"एवढ्या महिन्यांत तेच एक पुरं बरोबर निघालं. न् तेच तुमी भरून टाकलं."

मी मान खाली घातली. वाटलं, आता रागावतील, आणि रागावल्या तर बरं होईल.

"जानेवारीत रिकामं दिसलं असतं," त्या म्हणाल्या, "तं मी तवाच दवाखान्यात गेली असती. माह्ये पेशंट मी पाठवत होती न वेळेवर. मलेच कोनी पाठवलं नाई."

"सिस्टर, मी ताईंना सांगतो. सगळं सांगतो. तुम्ही नका जाऊ."

"काय सांगसान? का दोन रकान्यायची बोली होती, इथी शंभर निघाले? जा आता. जेवा."

बुधवारी ताई आली. तिलाही मी सांगितलं. ती फाटकाला धरून उभी होती. "भाऊ, मी दर सोमवारी फोन ठेवला का रडाची," ती म्हणाली. "आई बरी आहे म्हनून." गाडीत बसताना सिस्टरनी मला फ्रीजरच्या शेवटच्या सूचना दिल्या: बटण बंद करून वायर काढायची, आतलं पाणी खालच्या बुचातून सोडायचं, सोड्याच्या पाण्याने पुसायचं, दोन दिवस सुकू द्यायचं, आणि मग झाकणाखाली लाकडाचा गुटका लावून ठेवायचा. झाकण मिटलं तर आत बुरशी धरते, मग तो वास जन्मात जात नाही. मी सगळं लिहून घेतलं. पहिल्यांदाच.

आणि सगळं केलं. गुटका मी सुताराकडून आणला, तासून. खोली सोडायला ताईने सांगितलं नाही, म्हणून मी अजून तिथेच आहे. घर विकायचं चाललं आहे.

अकोल्याला त्यांना भेटायला जायला मला पावसाळा उलटावा लागला. ताईच्या घरी त्या खिडकीशी बसल्या होत्या. मला ओळखलं, 'बाबूसाहेब' म्हणाल्या, बायकोची चौकशी केली, ती दोनदा केली. डॉक्टरांच्या गोळ्या सुरू आहेत, ताई म्हणाली, पण आधी यायला हवं होतं असं ते म्हणतात. हे तिने माझ्याकडे न पाहता सांगितलं.

चहा आला. मग सिस्टरनी विचारलं, "झाकण उघडं हाये न?"

"हो सिस्टर. गुटका लावून ठेवलाय. आत एकदम कोरडं आहे. काल सकाळीच हात घालून पाहिलं."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, तापाच्या पेशंटकडे पाहावं तसं, राग न धरता. मग त्या मुलीकडे वळल्या.

"तू अमरावतीले जाशीन न, तवा पाहून येजो."

ताईने माझ्याकडे बघितलं आणि नजर कपाकडे वळवली.

"पाह्यतो, आई," ती म्हणाली.

गुटका मी खरंच लावला होता.